केकवरचं गाव

"लेस्ली अंकल, नदी जरा वाकडी झालीय का हो?" पोरसवदा वेटर क्रेगनं विचारलं, तसा लेस्लीनं केकवर वाकून बघितलं.

नदी वाकडीच होती. किचनच्या चीफनं दिलेल्या फोटोतही तशीच. बिस्किटाच्या चुऱ्याची वाळू, चॉकलेटची पाइपलाइन, साखरेच्या पांढऱ्या टाक्या, कडेला बोटाएवढं हेलिकॉप्टर. आखातात, अदलियातल्या त्या हॉटेलात मेजवान्या वाढण्यात लेस्लीची उमर गेली, पण असला केक काही त्यानं बघितला नव्हता.

दुपारची पार्टी तेल कंपनीची, केक तिच्या नव्या जागेचा. सुदानात कुठंतरी तेल लागलं, तिथले लोक आपसात लढत होते, म्हणून कंपनीनं भाड्याची परदेशी फौज धाडली. त्या फौजेचा म्होरक्या, लालबुंद मानेचा रिटायर कर्नल, आज पाहुणा. सूप संपेस्तोवर त्यानं सगळं सांगून टाकलं. तेलाच्या जागेवरची वस्ती हलत नव्हती, मग हलवली. आता तिथं कुत्रंही भुंकत नाही म्हणे. अख्खं टेबल हसलं. लेस्ली कोकराची तंगडी वाढत राहिला. वेटरांचा कॅप्टन तो, चेहरा पडू द्यायची सोय नाही. असले त्यानं पुष्कळ जेवू घातले होते. हात धुऊन बसतात म्हणून स्वच्छ म्हणायचे, एवढंच.

केक कापला. कर्नलनं विचारलं, बनवला कुणी? आणि इथं लेस्लीनं घोळ घातला. वसईला त्याच्या वाडीत लग्नाचं जेवण झालं की रांधणाऱ्याला मांडवात आणतात, आणि यजमान स्वतःच्या हातानं त्याला घास भरवतो. आमच्याकडं अशी रीत आहे साहेब, असं त्याच्या तोंडून निघून गेलं. कर्नल खूश. बोलवा म्हणाला, मी भरवतो. लगेच सगळ्यांचे फोन बाहेर आले.

पेस्ट्रीवाली तस्नीम सुदानचीच, हिंदी ती या किचनमध्ये शिकलेली. तिच्या धाकट्या भावाचा फोन लागत नव्हता. रोज चहाच्या वेळी ती लावून बघायची, आणि लेस्ली रोज इंशाल्ला म्हणायचा. पण सुदान काय लहान मुलूख आहे? तो हसतच आत गेला. चल, तुझा सत्कार आहे म्हणाला.

ती हलली नाही.

"लेस्ली भाई, वो मेरा गाँव है."

"कौनसा?"

"जो मैंने बनाया. नदी से पहचाना."

मग आधी का नाही बोललीस, त्यानं विचारलं. बोलून काय, ती म्हणाली, चीफनं दुसऱ्याकडून करून घेतला असता आणि मला व्हिसाची आठवण करून दिली असती. तिची पोरं कैरोला बहिणीकडं होती, तिच्याच पगारावर. फोटोत एक घर शिल्लक नव्हतं. तरी तिनं एकेक टाकी जागच्या जागी लावली होती.

क्रेग दारात आला. "अंकल, आणा ना तिला. साहेब तुकडा धरून उभाय. नाही आली तर उद्या हिचं खलास."

तस्नीमनं एप्रन नीट केला आणि निघाली. लेस्ली आडवा आला.

"तू रुक," म्हणाला, आणि एकटाच बाहेर गेला.

बाईचा रोजा आहे साहेब, त्यानं सांगितलं. सकाळी तिघांनी मिळून चहा घेतलेला, क्रेगनं मान खाली घातली. कर्नलचं तोंड वाकडं झालं. तेव्हा लेस्लीनं आणखी एक थाप ठोकली, की रांधणारा नसला तर वाढणाऱ्याला भरवतात. हात मागं बांधले आणि भर हॉलमध्ये, पिकल्या मिशांचा तो माणूस तोंड वासून उभा राहिला. कर्नलनं तुकडा कोंबला, अंगठ्यासकट. क्रीम मिशांना लागलं. लोक हसले, फोटो निघाले.

आत आल्यावर त्यानं मोरीत ओकून टाकलं. तस्नीम शेजारी येऊन उभी राहिली. त्यानं माफी मागितली, तर तिनं कुठला तुकडा होता, एवढंच विचारलं.

"टंकी के बाजू का. नदी के मोड़ पे."

"वहाँ मेरे चाचा का कुआँ था," ती म्हणाली. "मीठा पानी. पूरा गाँव पीता था."

तिनं ग्लास भरून त्याच्यापुढं धरला. लेस्लीनं घोट घेतला. पण गिळवेना. गाल फुगवून तो तसाच उभा राहिला, आणि ती ग्लास धरून वाट बघत राहिली.