रविवारचा एक वाचक

माझ्या दादाच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते, आणि पक्कडही त्याच्याच दुकानात आहे. तो शिलाई मशीन दुरुस्त करतो. मशीनला कान लावून तासभर बसेल, पण माणूस समोर आला की याचं कुलूप. मी फोन केला की "हं", "बरं" आणि "ठेवू का" एवढ्यात आमची सगळी ख्यालीखुशाली उरकते. वडीलही तसेच होते. घराण्याचा गुणच म्हणायचा.

मी मात्र पोट भरते ते दुसऱ्यांच्या बडबडीवर. लोक सर्चच्या चौकटीत काय टाइप करतात ते बघायचं, आणि त्यांना पहिल्याच पानावर आपलं गिऱ्हाईक दिसेल अशी तजवीज करायची, हे माझं काम. एसइओ म्हणतात त्याला. दुसऱ्या पानापर्यंत जायचे कष्ट कोणी घेत नाही. गादीवाल्यांपासून दातांच्या डॉक्टरांपर्यंत कितीतरी जणांच्या दारी मी गर्दी लावून दिली आहे. माझ्या दाराची बेल पाण्याचा जार आणणारा सोडला तर कोणी वाजवत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

दादाच्या दुकानाची वेबसाइटही मीच केली होती. तिच्यात ब्लॉगचं पान ठेवलं आणि म्हटलं, "दुरुस्तीबद्दल दोन ओळी लिहीत जा." हा कसला लिहितोय, असं मनात होतं. पण दर शनिवारी दुकान बंद केल्यावर तो दोन बोटांनी लिहायला लागला. आणि काय लिहायचा! दोरा का तुटतो, सुई कधी बदलावी, पट्टा ढिला पडला तर काय करावं, हे असायचंच. पण त्याआधी आई असायची.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते आणि दादा सोळाचा. मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. एक फोटो आहे, त्यातही ती दुसरीकडेच बघते आहे. ती लोकांचे कपडे शिवायची. ती गेल्यावर वडिलांनी मशीनवर चादर टाकली आणि आईचा विषयही त्याच चादरीखाली गेला. घरात कोणी काढला नाही, मीही विचारलं नाही. ते मशीन पुढे दादाने दुकानात नेलं.

तर त्या ब्लॉगवर मला माझी आई भेटली. ती सुया ओठांत धरून बोलायची, त्यामुळे तिचं रागावणंही हळूच ऐकू यायचं. दोरा तुटला तर ती मशीनला बोल लावायची नाही, आधी सुई बघायची. धाकटी कागद कापते म्हणून चांगली कात्री मांडीखाली घेऊन बसायची. धाकटी म्हणजे मी. मला कागद कापायची खोड होती हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सगळ्यात जास्त मला आवडायचं ते एक पान होतं. मशीन रिकामं चालवू नये, असं दादाने लिहिलं होतं. कापड न घालता, दाबायचा पाय खाली ठेवून चालवलं तर कापड पुढे ढकलणारे दाते झिजतात. आणि मग लिहिलं होतं: "आईला हे ठाऊक होतं. तरी ती चालवायची. धाकटी मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात निजायची, आणि आवाज थांबला की जागी व्हायची. शिवण संपली तरी आई पाय हलवत राहायची. मी म्हणायचो, दाते जातील. ती म्हणायची, जाऊ देत." ते पान मी किती वेळा वाचलं ते विचारू नका.

रविवारी सकाळी चहा झाला की मी ब्लॉग उघडायचे. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते, बाकी काही नाही. आठवड्यात कोणी माझ्याविषयी बोलत असेल तर ते तिथेच. वाचते, हे मात्र दादाला कधी सांगितलं नाही. सांगितलं तर तो संकोचेल आणि लिहिणं बंद करेल अशी भीती वाटायची. आमच्या घरात गोष्टी अशाच जपल्या जातात, न बोलून.

धंद्याचे डोळे मात्र मिटत नाहीत. एका रविवारी मी वेबसाइटचे आकडे उघडले. सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य, असं शनिवारपर्यंत, आणि रविवारी एक. तो एक म्हणजे मी. मला फार वाईट वाटलं. इतकं जीव ओतून लिहितो आणि ऐकायला कुत्रं नाही. मी जगाच्या दारात गर्दी लावते आणि सख्खा भाऊ ओसाड पडलाय. म्हटलं, आता बघच.

मी त्याला फोन केला. "दादा, तुझा ब्लॉग जरा वर आणते. तुझी शीर्षकं बदलावी लागतील. 'पट्ट्याविषयी थोडे' असं कोणी शोधत नाही. लोक विचारतात, मशीनचा पट्टा सारखा निसटतो, काय करू. तेच शीर्षक द्यायचं."

"बरं."

"आणि लोक उत्तर शोधत येतात. आल्याआल्या मिळालं नाही तर निघून जातात. तेव्हा उत्तर आधी."

"आणि गोष्ट?"

"लोकांना गोष्ट नको असते, दादा."

"बरं. ठेवू का?"

गोष्ट खाली घे, असं मला म्हणायचं होतं. म्हणाले नाही. गिऱ्हाइकांना रोज म्हणते तेच वाक्य तोंडात होतं, तेच बाहेर पडलं.

मग मी कामाला लागले. शीर्षकं बदलली. फोटो हलके केले. बदललेल्या पानांच्या जुन्या आवृत्त्या साठून वेबसाइट जड होते, म्हणून त्या आपोआप पुसल्या जातील अशी सोय केली. शिवणाचे वर्ग घेणाऱ्या एका बाईंना गळ घालून त्यांच्या पानावर दादाच्या पानांची लिंक टाकून घेतली. वाचकांना प्रश्न विचारता यावेत म्हणून खाली चौकट दिली, आणि प्रश्न पाठवला की दिसेल असा नम्र मजकूर लिहिला. आकडे कसे बघायचे तेही दादाला शिकवलं.

आणि गर्दी आली. आधी थेंब थेंब, मग धो धो. "मशीन आवाज करतं" असं कुठेही कोणी टाइप केलं की पहिल्या पानावर दादा. ऑफिसातल्या डिझाइनवाल्याला मी तो चढता आलेख दाखवला. तो म्हणाला, "घरचं म्हणून फुकट करताय, ताई, नाहीतर साहेबांनी पगार वाढवला असता." मी हसले. त्या दिवसांत मी खूश होते हे कबूल करायला हवं. रविवारी चहा घेऊन बसायचे, पण आकडेच बघायचे. इतका सुंदर आलेख असताना पानं कोण उघडतं?

मग एका रविवारी आठवण आली म्हणून माझं ते पान उघडलं. शीर्षक माझंच होतं: "शिलाई मशीनचे दाते का झिजतात? तीन कारणे." कारणं नीट, क्रमाने लिहिली होती. पहिलं कारण असं होतं: "मशीन रिकामे चालवणे. हा निव्वळ निष्काळजीपणा आहे."

चिंध्यांचा ढीग नव्हता. धाकटी नव्हती. आई नव्हती. मी दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. सुया, कात्री, मांडी, सगळं गेलं होतं. दादा शब्दाला पक्का. लोकांना नको म्हटल्यावर त्याने पहिल्या पानापासून एकेक ओळ वेचून काढली होती. जुनी आवृत्ती शोधायला गेले तर ती पुसली गेलेली. ती सोय कोणाची ते वर लिहिलंच आहे.

मी फोन लावला. बराच वेळ तो लागत नव्हता. लागला तेव्हा दादा कधी नव्हे ते उत्साहात होता.

"अगं, सारखे फोन असतात. सगळे दादा दादा करतात. तुझी कमाल आहे."

"दादा, तू ते जुनं सगळं..."

"काढलं ना. तू म्हणालीस तसंच केलं." मग म्हणाला, "एक मात्र आहे. पूर्वी रविवारी एक जण यायचं. नेमाने. आता या गर्दीत ते आहे की गेलं, कळत नाही."

आता बोल, असं मी स्वतःला म्हटलं. पण तोंडातून निघालं, "हं."

"ठेवू का? दुसरा फोन येतोय."

मी दिवसभर स्वतःला शिव्या घातल्या. हजारो अनोळखी माणसांना त्याच्या दारी नेऊन बसवलं, आणि मला दोन वाक्यं बोलता येईनात. शेवटी त्या पानाखालची चौकट उघडली. नावाच्या जागी "एक वाचक" लिहिलं आणि खाली लिहिलं: "आपली आई मशीन रिकामं चालवायची, पण ती निष्काळजी नव्हती. आपणच तसं लिहिलं होतं."

पुढच्या रविवारी उत्तर आलं होतं. दादाने एवढं लांब मला आयुष्यात काही म्हटलेलं नाही.

"नमस्कार. आपलं बरोबर आहे. आई निष्काळजी नव्हती. ते वाक्य आज बदललं. आपण रविवारी येणारे वाचक असाल, कारण ती हकीकत दुसऱ्या कोणी वाचली नव्हती. ती मी काढून टाकली. माझी बहीण या कामातली जाणकार आहे, ती म्हणाली लोकांना गोष्ट नको असते. खरं सांगायचं तर ते मी तिच्यासाठीच लिहीत होतो. तिला आईचं काही आठवत नाही, आणि समोर बसून मला सांगता येत नाही. वाटलं होतं, वेबसाइट तिनेच केलेली आहे, कधी तरी नजरेला पडेल. तिलाही नको असेल. आपण वाचलंत, बरं वाटलं."

बदललेलं वाक्य वर होतं: "मशीन रिकामे चालवणे. यामागे काही वेळा कारण असते."

मी पुन्हा चौकट उघडली. नावाच्या जागी "धाकटी" लिहिलं. खाली लिहिलं, "दादा, ती गोष्ट मला पुन्हा सांग." आणि फार विचार न करता बटण दाबलं.

पडद्यावर मीच लिहिलेला नम्र मजकूर आला. आपला प्रश्न मिळाला. प्रश्न बरेच असल्याने क्रमाने उत्तर दिले जाईल. तोपर्यंत आमची इतर पाने वाचा. खाली तीन पानांची नावं होती, तिन्ही शीर्षकं माझी. मी त्यातलं एकही उघडलं नाही. फोन जवळ घेऊन बसून राहिले.