आळीपाळीचा दम

श्वास हीच माणसाची खरी दौलत. राजा असो की रंक, येताना एक श्वास घेऊन येतो आणि जाताना एक सोडून जातो. मधल्या मुदतीत ही ठेव त्यानं कशी वापरली, यावरच त्याची योग्यता ठरते. हे थोर विचार नगरपालिकेच्या बँडच्या मास्तरांनी पंपघराच्या वरच्या तालमीच्या खोलीत सगळ्यांना उभं करून ऐकवले. ते संपायच्या आत पहिल्या ट्रंपेटवाल्याला खोकल्याची अशी उबळ आली, की खिडकीतली कबुतरं उडून गेली.

पहिल्या ट्रंपेटवाल्याला सगळे 'पहिला'च म्हणत. दिवसा तो नगरपालिकेचे पाण्याचे मीटर दुरुस्त करी, संध्याकाळी ट्रंपेट वाजवी, आणि या दोन्हींच्या आधी, मधे व नंतर सिगारेट ओढी. त्याच्या डाव्या हाताला दुसरा ट्रंपेटवाला बसे, अर्थात 'दुसरा'. हा दुसरा त्याचा सख्खा जावई होता. एरवी शेजारच्या वादकाला मनसोक्त शिव्या देता येतात, ही बँडमधली मोठी सोय. पण जावयाला काय बोलणार? "जावईबापू, आपला सूर जरा चढला बरं का," याच्यापुढे पहिल्याची मजल जात नसे.

वार्षिक कार्यक्रमाचा शेवट एकट्या ट्रंपेटच्या एका लांबलचक सुरानं होई. बाकीचा बँड गप्प, मास्तरांचा हात हवेत, आणि तो एकच सूर झाडांच्या शेंड्यांवरून बागेच्या फाटकापर्यंत जायचा. जायचा असं कागदावर होतं. दोन वर्षं तो अर्ध्या वाटेतच पडला होता. दोन वर्षांपूर्वी लोकांना वाटलं, तुकडाच तसा लिहिला असेल. मागल्या खेपेला सुराच्या जागी खोकला आला, आणि पुढच्या रांगेतल्या एका सद्गृहस्थांनी उठून पाण्याची बाटली पुढे केली.

"यंदा तुटला, तर खुर्च्या बदलायच्या," मास्तर म्हणाले. "पहिला दुसऱ्याच्या खुर्चीत, दुसरा पहिल्याच्या."

"मला काही घाई नाही हं बाबा," दुसरा अदबीनं म्हणाला. ही अदबच पहिल्याला जास्त झोंबली.

घरी त्यानं ही बातमी बायकोला सांगितली. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"बरंच आहे की," ती म्हणाली. "खुर्ची घरातच राहील."

"अगं, मी सासरा आहे त्याचा!"

"मग सासऱ्यासारखं खोका. घरात खोका, बाहेर कशाला?"

त्या रात्री पहिल्यानं सिगारेट सोडायचं ठरवलं. हे तो वर्षानुवर्षं ठरवत आला होता, त्यामुळे घरात कुणी दचकलं नाही.

दचकायची वेळ आली ती क्लॅरिनेटबाईंमुळे. या बाई दिवसा दवाखान्यात लशी टोचत. रांगेतल्या लोकांना व्यसनाचे दुष्परिणाम समजावून झाले, की मागच्या दारी जाऊन व्हेपमधून स्ट्रॉबेरीच्या वासाची वाफ सोडत. त्यांनी तालमीनंतर सगळ्यांना थांबवलं.

"एकेकट्यानं सोडून काही होत नाही," त्या म्हणाल्या. "मला विचारा. मी जितक्या वेळा सोडलीय तितक्या वेळा कुणी धरलीही नसेल. आता लांब सूर आपण कसा काढतो?"

"आळीपाळीनं," कुणीतरी म्हणालं.

फुंकून वाजवणाऱ्यांची ही जुनी चोरी आहे. लांब सुराला पुरेल एवढा दम कुणाच्याच छातीत नसतो. म्हणून शेजारी बसलेले दोघं कधी एका वेळी दम घेत नाहीत. एक घेतो तेव्हा दुसरा धरतो, मग दुसरा घेतो तेव्हा पहिला. ऐकणाऱ्याला वाटतं, काय छात्या आहेत एकेकाच्या!

"तसंच करायचं," बाई म्हणाल्या. "एकाला ओढ लागली की त्यानं शेजारच्याला हाक मारायची. शेजारच्यानं धरायचं. दोघांनी एकदम सुटायचं नाही, बस्स."

कल्पना इतकी सोपी होती की सगळे एकदम पेटले. म्हणजे त्या अर्थानं नव्हे. ट्रॉम्बोनवाल्यानं टाळी दिली. त्याला 'घसरगुंडी' म्हणत. एक तर त्याच्या वाद्याची नळी पुढेमागे घसरे, आणि दुसरं, त्याचा निश्चयही तसाच होता. गालात तंबाखूची गोळी ठेवून ट्रॉम्बोन वाजवता येतो, हे त्यानं अनेक वर्षं सिद्ध केलं होतं. त्याच्या पुढच्या खुर्चीत कुणी बसत नसे.

बाईंनी आणखी एक अट घातली. "नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की आठवण येते, आणि आठवण आली की हात खिशात जातो. नुसतं 'ती' म्हणायचं."

"माझा 'तो' आहे," घसरगुंडी म्हणाला. "तंबाखू पुल्लिंगी."

"आमच्याकडे स्त्रीलिंगी," कुणीतरी म्हणालं.

"असं कसं? तो तंबाखू!"

"नाव घेतलंत!" बाई गरजल्या, आणि मंडळाचा पहिला गुन्हा नोंदला गेला.

एवढ्यात ट्यूबावाला, म्हणजे बँडमधला सगळ्यात मोठा पितळी भोंगा वाजवणारा, उठला. त्याला आणि त्याच्या वाद्याला मिळून सगळे 'पिंप' म्हणत, कारण दोघांची घडण एकच होती. तो शिंपी होता, मनानं हळवा.

"मलाही घ्या," तो म्हणाला. "मीपण तिला सोडतोय. डॉक्टरांनी दम दिलाय."

"कधीपासून आहे?"

"लहानपणापासून. आजीनंच चटक लावली."

"काय एकेक घरं असतात!" बाई हळहळल्या. पिंपाची खुर्ची पहिल्याच्या उजव्या हाताला होती. डावीकडचा जावई निर्व्यसनी, म्हणजे निरुपयोगी. तेव्हा पहिल्याची जोडी पिंपाशी लागली.

सुरुवातीचे दिवस पहिल्यानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक. एका मीटरमधले काटे उलटे बसवले, आणि एका कुटुंबाचं पाणी कागदोपत्री परत टाकीत जाऊ लागलं. अखेर एका दुपारी धीर सुटला. मोडक्या मीटरच्या पोटात लपवलेली सिगारेट त्यानं बाहेर काढली, ओठांत धरली, काडी ओढणार, तोच फोन वाजला.

"पहिल्या, मेलो रे!" पिंपाचा आवाज कापत होता. "ती माझ्यासमोर आहे."

"कुठे आहेस तू?"

"स्वयंपाकघरात. बायकोनं वरच्या फळीवर लपवली होती. सापडली. घरात कुणी नाही."

पहिल्यानं ओठांतली सिगारेट काढली, कारण ती तोंडात असताना उपदेश स्पष्ट येत नव्हता. "हात लावू नकोस! ओढ म्हणजे आगंतुक पाहुणा. आला, बसू दे. फक्त चहा विचारायचा नाही. कंटाळून आपोआप उठतो."

"चहाचं नाव काढू नकोस ना!" पिंप कळवळला. "चहा म्हटलं की तिची आठवण येते."

"माझंही तेच होतं रे," पहिला गहिवरून म्हणाला. "बरं, स्टुलावरून खाली उतर. उतरलास? आता दम धर. माझ्याबरोबर मोज."

दोघांनी फोनवर आख्खी एक धून मोजली. शेवटी पिंप म्हणाला, "गेला पाहुणा." पहिल्यानं मूठ उघडली, तर सिगारेटचा भुगा झालेला. आणि पाहुणा त्याच्याकडूनही उठून गेला होता!

मग तर रंगच चढला. पिंप वेळी-अवेळी फोन करी, पहिला त्याला धरी, आणि त्याला धरताधरता आपणच तरून जाई. सिगारेट ओढायला जिन्यात गेलेला माणूस फोनवर पिंपाला सोडवत परत येई. एकदा बायको दाराशी उभी असताना तो बोलत होता, "विसर तिला! तिनं आजवर कुणाचं भलं केलंय? मी नाही का सोडली?"

त्याला वाटलं, आता घरात स्फोट होणार. बायको म्हणाली, "सिगारेटच असणार. तुमच्याकडे दुसरं कोण बघतंय?"

पंपघराचा जिना पहिला आता न थांबता चढू लागला. घसरगुंडी गाजरं चावू लागला आणि तालमीला नारिंगी दात काढून हसू लागला. त्याच्या पुढच्या खुर्चीत चक्क माणूस बसला. बाईंनी व्हेप मास्तरांच्या स्वाधीन केला. तालमीत तो शेवटचा सूर रोज थोडा लांबत होता. दुसरा मान वाकडी करून ऐके आणि म्हणे, "बाबा, फाटकापर्यंत गेला." पहिल्यालाही पहिल्यांदाच जावई बरा वाटू लागला.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. बाग माणसांनी फुलली. मंचामागे पहिला पुसलेलं ट्रंपेट पुन्हापुन्हा पुसू लागला. मांडववाल्यानं ते पाहिलं आणि आपुलकीनं एक सिगारेट पुढे केली. "घ्या हो, एकानं काय होतंय?"

पहिल्यानं ती घेतली. खरंच घेतली. पेटवायला वाकला, तोच पिंप ट्यूबासकट धापा टाकत आला. चेहरा पांढराफटक.

"धर मला! तिकडे पाहुण्यांची टेबलं मांडलीत. ती तिथं उघड्यावर आहे. वाडगे भरभरून!"

पाहुण्यांना वाडगे भरभरून सिगारेटी! नगरपालिकेच्या उधळपट्टीला सीमा नाही हे पहिल्याला ठाऊक होतं, पण इतकी? त्यानं हातातली सिगारेट आग विझवायच्या बादलीत फेकली आणि दोन्ही हातांनी पिंपाला कवळलं. ट्यूबामुळे ते अर्धवटच जमलं. "तिकडे बघू नकोस. माझ्याकडे बघ. तू सुटलास तर मी सुटलो, कळलं? आळीपाळी!"

"आळीपाळी," पिंप म्हणाला, आणि दोघं हातात हात घालून मंचावर चढले.

शेवटचा तुकडा आला. बँड थांबला. मास्तरांचा हात वर गेला. पहिल्यानं छाती भरली आणि सूर सोडला.

सूर निघाला तो स्वच्छ, सरळ. पहिल्या रांगेवरून गेला. ते बाटलीवाले सद्गृहस्थ तयारीत बसले होते; त्यांनी बाटली खाली ठेवली. झाडं ओलांडली. नेमक्या त्या जागी, जिथं दोन वर्षं घात झाला होता, घशात ओळखीची खवखव उठली. पहिल्यानं डोळे उजवीकडे वळवले. पिंप त्याच्याकडे बघत होता, स्वतःचाच श्वास रोखून, लालबुंद होऊन, जणू अर्धा दम त्याच्याच छातीतून जात होता. खवखव बसली. सूर फाटकाशी पोचला, फाटकाबाहेर पडला, रस्त्यावरचा एक सायकलवाला पाय टेकवून उभा राहिला. मास्तरांचा हात खाली आला. पहिला थांबेना! दम संपतच नव्हता, मग थांबायचं कशाला? अखेर दुसऱ्यानं हळूच कोपर मारलं. "बाबा, झालं. बाबा! लोक उभे राहिलेत."

टाळ्यांनी बाग दणाणली. घसरगुंडी नाचला, बाई रडल्या, दुसऱ्यानं सासऱ्याला चक्क उचललं. "खुर्च्या आहेत तिथेच राहतील," मास्तरांनी जाहीर केलं आणि नाक पुसलं.

पहिला गर्दीतून वाट काढत पिंपाला शोधत गेला. पिंप पाहुण्यांच्या टेबलापाशी उभा होता.

"मित्रा, तुझ्यामुळे सुटली!" पहिल्यानं त्याला मिठी मारली. "आता कार्यक्रम झाला, नाव घ्यायला हरकत नाही. या जन्मात सिगारेट नाही!"

"सिगारेट?" पिंपानं चमकून विचारलं. "तू सिगारेट सोडत होतास? मला धुराचा वाससुद्धा सहन होत नाही रे. मला वाटलं, तुलाही साखर सोडायला सांगितलीय."

टेबलावर चहाची किटली होती, आणि शेजारी वाडगे भरभरून साखर. पिंपानं आपल्या कपात तीन चमचे घातले आणि ढवळले.