बेरीज आधी म्हणे!

लातूरच्या भरतीच्या क्लासमध्ये दीपमाला दिवसभर एकच डोकेफोड करायची. "कंचेभागुबेव म्हणजे बेरीज आधी अन् वजाबाकी मागून, असं नाही रे बाबांनो! दोघी एकाच पंगतीत बसतात. डावीकडून जी आधी, तिला आधी वाढायचं." पोरं माना डोलवायची आणि पेपरात पुन्हा तेच. घसा बसला होता नुसता.

त्यात रविवारी शिरूर अनंतपाळहून पाहुणे आले, तिला बघायला. मुलगा शिवमूर्ती, इंजिनिअर. त्याचे वडील ईश्वरप्पा, रिटायर गुरुजी. याआधीची स्थळं कुठं रंगावर, कुठं पगारावर अडलेली. म्हणून आई गुरम्मानं सकाळीच हात जोडले होते, "बाई, या टायमाला तरी तोंड आवर."

गुरुजींनी भज्यांची बशी बाजूला सारली. "गणित शिकवतीस म्हणं, पोरी. सांग बरं, दहा वजा तीन अधिक दोन?"

घ्या! सुट्टीच्या दिवशीही तेच. 'नऊ' तिच्या ओठांवर आलं, तोवर गुरुजींनी बोट वर केलं. "घाई न्हाई करायची. कंचेभागुबेव! बेरीज आधी. तीन न् दोन पाच, दहातून ते गेले. किती?"

आईनं डोळे वटारले. मरू दे, दीपमालाला वाटलं, किती जणांशी डोकं फोडायचं?

"पाच," ती म्हणाली.

"शाब्बास! मुलगी पसंत हाय आपल्याला!"

मग दोघांना बोलायला म्हणून गच्चीवर पाठवलं. शिवमूर्ती हळूच म्हणाला, "उत्तर नऊ येतं ना?"

केवढं हलकं वाटलं तिला! "मग खाली का नाही बोललात?"

"पप्पांपुढं आमच्यात कुणीच बोलत न्हाई. आई तर जन्मभर हाव-हावच म्हणत आली. होऊन जाती हो सवय. तुम्हीबी म्हणालातच की, पाच."

बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून जास्तच लागलं. क्लासातली पोरं निदान न कळून तरी चुकतात. आजचा शीण झोपल्यावर जाईल, पण जन्मभर पाच म्हणायचा शीण कुठं नेऊन टाकायचा?

ती तडक खाली आली. बैठकीत साखरपुड्याची तारीख निघत होती.

"गुरुजी," ती म्हणाली, "उत्तर नऊच आहे. तुमच्या मुलालाही ठाऊक आहे, विचारा."

गुरम्मानं कपाळावर हात मारला. गुरुजींनी जिन्याकडं पाहिलं. "काय रे शिवा?"

शेवटच्या पायरीवर शिवमूर्ती थबकला. एकदा तिच्याकडं बघितलं, मग फरशीकडं.

"पाच, पप्पा," तो म्हणाला.