ऊठबाबा आणि कंडक्टरची चाल

ऊठबाबांनी नुसतं "ऊठ" म्हटलं आणि अर्धं अंग लुळं पडलेला एक माणूस चाकांच्या खुर्चीतून ताडकन उभा राहिला, हे खचाखच भरलेल्या सभागृहाने उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं सत्य आहे. त्याच्या थोडंच आधी तो माणूस स्वतःच्या पायांनी लघवीला जाऊन आला होता, हेही सत्यच आहे. पण तिकडे कुणी बघत नव्हतं.

हा माणूस म्हणजे कंडक्टर. उभं आयुष्य त्याने बसमध्ये काढलं, आणि तेही उभ्यानेच. निवृत्तीनंतर आता जरा बसू म्हणाला, तर मेंदूत गुठळी अडकली आणि डावी बाजू बंद पडली. मग सरकारी दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो पहिल्यापासून चालायला शिकला. शिकवणारी फिजिओ त्याच्या धाकट्या लेकीएवढी, पण आवाज हेडमास्तरणीचा.

"काका, आधी नाक पुढे, मग बूड वर. नाक मागे ठेवून जगात कोणी उठत नाही. हं, आता पुढे चला."

"जन्मभर मी लोकांना हेच ओरडून सांगितलं, बाई. त्याची ही फेड दिसते."

शेजारी, चालायच्या सरावाच्या आडव्या दांड्यांना धरून बेकरीवाला कण्हत असायचा. स्कूटर घसरून त्याचा गुडघा मोडला होता. ऑपरेशन झालं होतं, पण पाय दांडक्यासारखा ताठ. दोघांची रोज शर्यत लागायची आणि शर्यतीपेक्षा भांडणं जास्त. कंडक्टर हळूहळू काठीवर आला. डावा पाय अजून झाडू मारल्यासारखा बाहेरून फिरायचा, पण फिरायचा.

अशा वेळी बायको त्याला ऊठबाबांच्या सभेला घेऊन गेली. "पाय सुटतोच आहे, तर जरा लवकर सुटेल," एवढंच तिचं म्हणणं होतं.

लघवीहून परत येताना दारात एका सेवकाने त्याला अडवलं. "काका, दमलात. बसा ना." समोर निळी, चकचकीत, चाकांची खुर्ची. आता, ज्या माणसाने जन्मभर इतरांना जागा करून दिली आणि ज्याला एकदाही कोणी "बसा" म्हटलं नाही, त्याच्यावर या शब्दाचा काय परिणाम होणार? तो गहिवरून बसला. सेवकाने काठी काढून घेतली आणि खुर्ची ढकलत थेट पहिल्या रांगेत नेली.

बाबा आले. भरजरी शाल, कानामागे माईक. "तुझ्या पायात रक्त नाही, बाळा, भीती वाहते आहे," ते वयाने थोरल्या बाळाला म्हणाले. "मणक्यात गंज चढला आहे. विश्वलहरी सोडतो. सोडली. पोचली. ऊठ!"

कंडक्टरने नाक पुढे केलं आणि बूड वर केलं. शिस्तीची सवय, दुसरं काय. त्याला वाटलं, आपली जागा बदलायला सांगताहेत.

सभागृह फुटायचं बाकी राहिलं. बायका रडल्या, पुरुषांनी फोन वर केले. कंडक्टर झाडू मारत चार पावलं चालला आणि टाळ्यांच्या आवाजात "अहो, मी चालतच आलो होतो" हे त्याचं वाक्य वाहून गेलं.

घरी बायकोचा चेहरा उजळलेला. "बघितलंत?"

"अगं, तुझ्याबरोबर चालतच आलो ना मी? जिना चढलो, तू मागून 'सावकाश' म्हणत होतीस."

"तेव्हा नुसते चालत होतात. आता कृपेने चालता."

खरं सांगायचं तर कंडक्टरला थोडी मजाही वाटत होती. भाजीवाली त्याच्या पाया पडली, आणि तिला थांबवायला त्याने जरा उशीरच केला.

मजा दवाखान्यात संपली. फिजिओने फोनवर तो प्रसंग पाहिला होता. "उठणं चांगलं झालं, काका. नाक पुढे होतं," ती म्हणाली. मग रिकाम्या दांड्यांकडे बघत म्हणाली, "बेकरीवाले येईनासे झालेत. तुमच्या सभेपासून. असाच ताठ ठेवला तर गुडघा कायमचा धरेल. मग मला काही करता येणार नाही."

कंडक्टर तडक बेकरीत गेला. बेकरीवाला गल्ल्यामागे चाकांच्या खुर्चीत, पाय तुपाच्या रिकाम्या डब्यावर.

"मूर्खा, व्यायामाला का येत नाहीस?"

"तुला एका आरोळीत उठवलं. मग मी रोज का बोंबलू?"

"मी त्या दांड्यांना धरून शिकलो. तुझ्या नाकासमोर. तू हसायचास मला."

"हसायचो," बेकरीवाला म्हणाला. "पण ते फार सावकाश झालं रे. सावकाश झालेलं झालंसं वाटत नाही."

"तुझा पाव रात्रभर फुगतो, तेव्हा कोण बाबा येतो?"

बेकरीवाला कुरकुरला, "मीपण होतो त्या सभेत. मला दारापाशी खांबाआड ठेवलं. म्हणाले, तुमची लहर पुढच्या वेळी."

"कशात बसला होतास?"

"याच्यात. घरच्या खुर्चीत."

कंडक्टर त्या खुर्चीकडे बघत राहिला. गंजलेली, एक चाक चुं चुं करणारी. "आणि पहिल्या रांगेत सगळ्या निळ्या," तो हळूच म्हणाला. "माझी मला कोणी दिली?"

पुढच्या सभेला दोघं गेले. कंडक्टर दाराशी उभा राहिला. माणसं चढताना बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एक आजी नातीच्या खांद्यावर हात ठेवून चालत आल्या. "आजी, दमलात. बसा ना." निळी खुर्ची. एक लंगडणारे गृहस्थ आले. "बसा ना." निळी खुर्ची. बेकरीवाला लिफ्टमधून चुं चुं करत आला. "तुम्ही खांबापाशी."

बाबांनी कंडक्टरला मोठ्या प्रेमाने मंचावर घेतलं आणि हातात माईक दिला. "सांग बाळा, काय झालं ते सगळ्यांना सांग."

"सांगतो," कंडक्टर म्हणाला. "आधी पहिल्या रांगेने एक सांगायचं. निळ्या खुर्चीतले, तुमच्यापैकी दारापर्यंत पायी कोण आलं? हात वर."

लोकांना गंमत वाटली. आजींनी हात वर केला. लंगड्या गृहस्थांनी केला. मग सगळ्या रांगेने केला. कुणालाही त्यात लपवण्यासारखं वाटलं नाही.

"आता, घरून स्वतःच्या खुर्चीतून कोण आलं?"

खांबाआडून हात वर आले. माना वळल्या. आतापर्यंत तिकडे कोणी पाहिलंच नव्हतं.

"बाबा, त्यांच्यातला एक उठवा," कंडक्टर म्हणाला. "हा माझा दोस्त तयार आहे."

बाबा हसले. "लहरींना आव्हान देऊ नये, बाळा. आजची शक्ती..."

इथे कोणीतरी कंडक्टरचा माईक बंद केला. पण ज्याने भर गर्दीत मागच्या दारापर्यंत आवाज पोचवला, त्याला माईक बंद करून गप्प करता येत नाही.

"ऐका," तो म्हणाला. "ही माझी चाल. वाकडी आहे, पण माझी आहे. एका पोरीने ती पावलापावलाने शिकवली. आणि चालणाऱ्याला बसवायचं, मग उठवायचं, ही बाबांची चाल. श्रद्धा ठेवायची तर ठेवा. पण अमका उठला असं कोणी सांगितलं, की एवढंच विचारा, तो आला कसा होता?"

आजी नातीला म्हणाल्या, "खरंच गं, आपण जिना चढलो की." आणि नाक पुढे न करताच उठायला लागल्या. कंडक्टरने मंचावरून त्यांना दटावलं.

बाबांची शक्ती त्या दिवशी लवकर संपली. घरी जाताना बायको म्हणाली, "भाजीवालीला मात्र तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बेकरीवाला चुं चुं करत दवाखान्यात आला. फिजिओने लगेच पाय उचलून वाकवायला घेतला. कंडक्टर शेजारी उभा राहून ओरडत होता, "पुढे चला, पुढे चला," आणि बेकरीवाला त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता.

गुडघा त्या दिवशी बोटभर जास्त वाकला. दुखलाही भरपूर.