पोस्टमन, तीन खड्डे आणि मी

मित्रांनो, मी एक जुना कन्व्हर्टर आहे. जुना म्हणजे किती, ते मात्र मला विचारू नका. माझ्या एका बाजूला पस्तीस वर्षांचा व्हिडिओ गेम आहे, दुसऱ्या बाजूला भिंत अडवून बसलेला नवा टीव्ही आहे, आणि मी दोघांच्या मध्ये लोंबकळतो. गेम मला नवा समजतो, टीव्ही मला जुना समजतो. माझं मला काहीच समजत नाही.

काडेपेटीहून जरासा मोठा, काळा, हलका, असं माझं रूप. पिवळी, पांढरी आणि लाल अशा तीन वायरी माझ्या एका अंगात घुसतात आणि दुसऱ्या अंगातून एक जाड वायर निघून टीव्हीत जाते. जुन्या यंत्राचं चित्र घ्यायचं आणि नव्या टीव्हीला पचेल असं करून द्यायचं, एवढंच माझं काम. दोन भावांनी अबोला धरला की घरातलं एक माणूस निरोपाच्या खेपा घालतं, त्यातला प्रकार. कारखान्यात एका बाईंनी अंगठ्याने दाबून माझं झाकण बसवलं. दुसऱ्या एकाने वीज जोडली, माझा लाल दिवा लागला, आणि त्याने मला खोक्यात टाकलं. तपासणी तेवढीच झाली. दिवा लागला म्हणजे आपण बरोबर, असं माझं तेव्हापासून पक्कं मत होतं.

सर्वांत स्वस्त म्हणून मला एका सूनबाईंनी विकत घेतलं. त्यांच्या सासूबाई घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांचं टेबल होतं, त्यावर चिमटे, बारीक स्क्रूड्रायव्हर आणि काचेच्या झाकणाखाली उघडी पडलेली घड्याळं असत. त्याच खोलीत टीव्ही होता. सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे, म्हणून मीही बाईच म्हणतो.

बाईंचा एक अजब नेम होता. रोज सकाळी घड्याळ उघडण्याआधी त्या व्हिडिओ गेम लावत. हा गेम त्यांच्या मुलासाठी कधीकाळी आणलेला. मुलाला मिशा फुटल्या, त्याचं लग्न झालं, तो गेम विसरला, पण बाईंनी कॅसेट काही काढली नाही. त्यात एक बुटका पोस्टमन थैली घेऊन पळतो आणि वाटेत तीन खड्डे येतात. तिन्ही खड्डे न पडता ओलांडले, की बाई म्हणत, "आज हात थाऱ्यावर आहे," आणि नाजूक घड्याळं पुढ्यात घेत. पोस्टमन पडला, की त्या दिवशी नुसते पट्टे बदलायचे आणि सेल टाकायचे. डाव एकच. पुन्हा खेळून हाताची समजूत काढायची नाही, असा त्यांचा कायदा होता.

मग पाठीला कुबड असलेला जुना टीव्ही एक दिवस कायमचा काळा झाला. नव्या टीव्हीला या तीन वायरींसाठी भोकंच नव्हती. बाई दोन दिवस बेचैन होत्या. म्हणून सूनबाईंनी मला आणलं, जोडलं, आणि पडद्यावर पोस्टमन उभा राहिला. थोडा आडवा सुजलेला दिसत होता, पण होता.

"अगं, हा जाडा झाला की," बाई म्हणाल्या.

"नवीन टीव्हीत सगळेच सुखावतात, आई," सूनबाई म्हणाल्या.

त्या दिवशी घरात माझं फार कौतुक झालं. मुलाने मला उचलून उलटंपालटं बघितलं आणि "एवढंसं डबडं, पण कामाचं आहे," असं प्रशस्तिपत्रक दिलं. मी फुलून गेलो. थोडा तापलोही, पण ती माझी प्रकृतीच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमन पहिल्याच खड्ड्यात पडला. तिसऱ्या दिवशीही पडला. चौथ्या दिवशी पहिला खड्डा पार झाला आणि दुसऱ्यात पडला. मी गोंधळलो. माझा दिवा लागलेला होता. जे चित्र येत होतं ते मी धावत पळत पुढे देत होतो, वाटेत कुठे पाय मोकळे करायला थांबत नव्हतो. मग हा पोस्टमन पडतो कसा? बाईंनी बटण दाबल्याचं तर मला ऐकू यायचं. थोडा वेळ विचार करून मीही तोच निष्कर्ष काढला जो घरात सगळ्यांनी काढला होता. बाईंचा हात गेला.

महिनाभर बाईंनी एकही नाजूक घड्याळ उघडलं नाही. पट्टे आणि सेल, सेल आणि पट्टे. हात कापत नव्हता, चहाचा कप हिंदकळत नव्हता, पण बाईंचा कायदा कपाला मानत नव्हता, पोस्टमनला मानत होता. मुलगा म्हणाला, "आई, आता पुरे कर ना. चाळीस वर्षं डोळे फोडलेस. आराम कर." तो प्रेमाने म्हणाला, पण बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. आपण इतकं चोख काम करतो आणि समोरचं माणूस खचत जातं, याचा अर्थ कसा लावायचा?

शेवटी बाईंनी आपल्या शिष्याला निरोप धाडला. हे गृहस्थ बाईंच्या हाताखाली शिकून आता दुसऱ्या पेठेत दुकान चालवत. त्यांच्या कपाळावर सदा भिंग चढवलेलं, म्हणून घरात त्यांना भिंगराव म्हणत. बाईंनी सगळी हत्यारं एका कापडी गुंडाळीत बांधून टेबलावर ठेवली होती.

"घेऊन जा सगळं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे पडून गंजेल."

"बाई, असं काय बोलता?"

"पोस्टमन पडतो रे रोज. महिना झाला. त्याच्यापुढे अपील नाही." एवढं बोलून त्या चहा टाकायला आत गेल्या.

भिंगरावांना काय करावं सुचेना. गुंडाळीला हात लावायचा त्यांना धीर होत नव्हता. गेम चालूच होता. त्यांनी गेमचा रिमोट उचलला आणि उगाच एक डाव खेळले. पोस्टमन पहिल्या खड्ड्यात पडला. पुन्हा खेळले, पुन्हा पडला. आता मात्र माझी मती गुंग झाली. बाईंचा हात गेला, हे मान्य. पण यांचाही गेला? पस्तिशीतला धडधाकट माणूस हा.

तेवढ्यात आत भांड्याचा आवाज थांबला. बाई दारात आल्या, हातात चिमटा होता, तो चहाच्या भांड्याचा.

"परत दाब," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उडीचं बटण. दाब."

भिंगरावांनी दाबलं. बटण कट्‌ वाजलं, आणि टीव्हीतून टुंग असा आवाज आला.

"परत."

कट्‌. टुंग.

बाईंनी डोळे मिटले. भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ तिरकं टांगलं गेलं की त्याची टिकटिक लंगडते, आणि ते बाईंना शेजारच्या घरातूनसुद्धा ऐकू येतं. चाळीस वर्षं कान त्याच कामात झिजलेले. "जुन्या टीव्हीवर हे दोन आवाज एकच होते," त्या सावकाश म्हणाल्या. "आता मध्ये फट आहे. खेळताना माझं सगळं लक्ष डोळ्यांत, म्हणून कानाला कळलं नाही. चित्र उशिरा येतंय रे. खड्डा दिसतो तोवर तो पायाखाली आलेला असतो."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत वाईट क्षण. उशीर? मी? मी तर आलेलं चित्र घेतो, त्याला नवे कपडे घालतो, भांग पाडतो आणि पुढे पाठवतो. त्या भांग पाडण्यात वेळ जातो, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. महिनाभर एका कसबी बाईचा हात मी खोटा पाडत होतो आणि वर स्वतःच्या दिव्यावर खूश होतो. लाज वाटली.

मुलगा घरी आल्यावर त्याने टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेमसाठी असलेला पर्याय शोधला आणि चालू केला. फट बरीच कमी झाली. म्हणजे टीव्हीही नटण्यात वेळ घालवत होता! मग चूक त्याची किती आणि माझी किती, हे मला अजून उलगडलेलं नाही. टीव्ही यावर बोलत नाही.

"नवीन, चांगल्यातला आणू का?" सूनबाईंनी विचारलं. मी आणखीच तापलो.

"कशाला?" बाई म्हणाल्या. "मागे पडणारं घड्याळ कोणी फेकून देतं का? किती मागे पडतं ते माहीत असलं की झालं."

दुसऱ्या दिवशी भिंगराव सकाळीच हजर झाले. गुंडाळी टेबलावर तशीच होती. बाईंनी बटण दहा-बारा वेळा दाबून फट कानात बसवली, मग एकच डाव खेळल्या. बटण त्या किंचित आधी दाबत होत्या. पहिला खड्डा. दुसरा. तिसरा. भिंगरावांनी गुंडाळी सोडली आणि एकेक हत्यार त्याच्या जागेवर मांडून ठेवलं. मग खिशातून त्यांना स्वतःला न जमलेलं एक इवलंसं लेडीज घड्याळ काढून बाईंपुढे सरकवलं.

मी टीव्हीखाली लोंबकळतो, तिथून बाईंच्या हातातलं बारीक काम दिसत नाही. बराच वेळ फक्त चिमट्याची टोकं वाजत होती. मग हळूच टिकटिक सुरू झाली, आणि भिंगराव नाक ओढायला लागले.

मित्रांनो, कोणाच्या हातून एखादी गोष्ट चुकली की त्याचा हात गेला असं चटकन म्हणू नका. आधी मधल्या वायरी तपासा. आणि आमच्यासारख्या स्वस्त डब्यांनाही सांभाळा, वापर झाला की वीज बंद करा, आम्ही फार तापतो.

दुरुस्तीच्या प्रत्येक घड्याळाला बाई दोऱ्याने एक चिठ्ठी बांधतात. त्या दिवशी त्यांनी एक चिठ्ठी मलाही बांधली. सूनबाईंनी ती मोठ्याने वाचली: "चालतो. थोडा मागे पडतो." ही स्तुती की तक्रार, ते मला कळलं नाही, अजूनही कळत नाही. पण सूनबाई चिठ्ठी बराच वेळ हातात धरून होत्या. मग म्हणाल्या, "आई, अक्षर बघा तुमचं. एक रेघ हललेली नाही."