वळणावरचा टॉवेल

धावपटू चिंगीवर सिनेमा निघाला, पण त्यातली मुख्य शर्यत नेमकी हरलेलीच! अंतिम फेरीत सगळ्यांच्या पुढे असताना शेवटच्या वळणावर तिने मान वळवून मागे पाहिलं आणि मागचीने डाव साधला. तिचे वडील हेच तिचे प्रशिक्षक. त्या दिवसापासून त्यांचं एकच पालुपद, "हिच्या डोक्यात हवा गेली होती." चिंगी मुकाट ऐकून घ्यायची. खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

आता मैदानावर कॅमेरे लागले होते. चिंगी झालेली नायिका मेहनती पोर हो, उगाच नावं कशाला ठेवा! चिंगीच्या हाताखाली राबली, गुडघे फोडून घेतले, पळणं हुबेहूब उचललं. पण ते मागे पाहणं काही केल्या जमेना. दर वेळी चेहरा असा, की आपण हरणार हे बाईंना आधीच ठाऊक.

"ताई, खरं सांगा ना," ती धापा टाकत म्हणाली. "कशी बघू? गर्वाने, की घाबरून?"

चिंगीने मांडवाकडे पाहिलं. बाबा तिथे चित्रीकरण दिसणाऱ्या छोट्या पडद्याला नाक लावून बसले होते. सांगावं, तर म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर. न सांगावं, तर सिनेमात ती कायमची गर्विष्ठ ठरणार आणि तिची लेकही तेच बघणार.

"बाबांना शोधत होते गं," ती हळूच म्हणाली. "दर शर्यतीत ते त्या वळणावर पिवळा टॉवेल हलवत उभे असायचे. तो दिसला की मी जीव तोडून सुटायचे. त्या दिवशी दिसलाच नाही. वाटलं, मागे राहिला की काय. त्यांना बोलू नकोस हं, माझी शपथ आहे."

नायिका बोलली नाही. तिने नुसतं करून दाखवलं. वळणावर आली, कठड्याजवळची, बाबा उभे राहायचे ती रिकामी जागा पाहिली आणि गर्दीत आईबाप हरवलेल्या लेकरासारखी तिची मान वळली.

बाबा ताडकन उठले. "चिंगे, मला बघत होतीस तू?"

चिंगीने हळूच मान डोलावली.

"मला बघवेना गं. छाती धडधडायला लागली, म्हणून मागे जाऊन डोळे मिटून बसलो. आणि इतकी वर्षं तुलाच बोल लावतोय! एकदा सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मनाला लावून घेतलं असतंत, बाबा."

दिग्दर्शकाला खात्रीसाठी तेच आणखी एकदा हवं होतं. सगळे जागेवर गेले. बाबांनी चिंगीच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि काठी टेकत वळणाकडे निघाले.

"आजोबा, कॅमेऱ्यात याल!" सहायक ओरडला. आजोबा कसले ऐकतात!

नायिका वळणावर आली. कठड्याशी म्हातारा सगळं अंग हलवून टॉवेल फिरवत होता. तिने मान वळवलीच नाही. जी सुटली, ती फीत छातीवर घेऊनच थांबली.

"अगं बाई, तुला हरायचं होतं!" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला.

ऐकायला होतं कोण! बाबा अजून टॉवेल हलवतच होते आणि चिंगी त्यांच्याकडे धावत सुटली होती.