भिंगारदिव्यांचा काटा

माझ्या बोलण्यावर भरवसा ठेवू नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कारखान्याच्या चिमणीत एकदा ढग अडकला आणि वॉचमननं काठीनं ढोसून तो मोकळा केला, असं मी तीस वर्षं सांगत आलोय. आता वॉचमनही तेच सांगतो. कारखान्याचं नाव मात्र विचारू नका. काष्टीच्या बाजारात मला अजून तोंड दाखवायचं असतं.

मी उसाच्या गाड्यांना टोकन देतो. कल्याण भिंगारदिवे स्टोअरला कारकून होता. ख्रिस्ती माणूस, पण कामावर देवाधर्माचा शब्द काढत नसे. त्यांच्या पाळकांनी सांगितलं होतं म्हणे, "उपदेश नको. काम असं करा की त्यात लोकांना प्रभू दिसावा." कल्याणनं ते अक्षरशः धरलं. ड्रायव्हरचा चहा घ्यायचा नाही. हातून बेअरिंग फुटलं तर रजिस्टरात स्वतःचंच नाव लिहायचं.

मी म्हणायचो, "कल्याणराव, एखादी थाप न्या की माझ्याकडनं."

"मला पेलायची न्हाई, तात्या," तो हसायचा.

सहा हंगामांमागं उसाच्या वजनकाट्यावरनं बोंब उठली. शेतकरी आधी बाहेरच्या खाजगी काट्यावर ट्रॉली मोजायचे, पावती घ्यायचे, मगच आत यायचे. वजनात फरक पडला की भांडण. कारखान्याचे मॅनेजर वाबळेसाहेब वैतागले होते. माझी जीभ वळवळली.

"साहेब, कल्याणला बसवा काट्यावर. त्याच्यावर त्याची बायकोसुद्धा संशय घेत न्हाई."

साहेबांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू जन्मात पहिल्यांदाच मी कामाचं काही बोललो.

कल्याण काट्यावर बसला आणि भांडणं मिटली. 'भिंगारदिव्यांचा काटा' म्हटलं की पुढं शब्द नाही. बाहेर मोजायची रीतच मोडली. बाहेरच्या काटेवाल्यानं काट्यावर शेळ्या बांधल्या. साहेबांच्या खोलीतनं काट्याच्या मशीनला एक जादा वायर गेलेली मी त्याच सुमारास पाहिली होती. पाहून न पाहिल्यासारखं करणं ही काही थाप नव्हे, पण थापेची थोरली बहीण म्हणायला हरकत नाही.

यंदा पारनेरकडनं छबूबाई आली. नवरा गेलेला, विहिरीला पाणी लागलं म्हणून पहिल्यांदाच ऊस केलेला. तिला भिंगारदिवे ठाऊक नव्हते. तिनं शेळ्या सोडायला लावून बाहेर ट्रॉली मोजली आणि मग आमच्या काट्यावर घातली.

"भाऊ, ह्या दोन पावत्यांत चार क्विंटलचा फरक कसा वो?"

कल्याणनं ट्रॉली पुन्हा बाहेर पाठवली. बाहेरचं वजन तेच आलं. मग त्यानं मशीन भिंतीपासून ओढलं, वायर पाहिली आणि ती धरत धरत साहेबांच्या खोलीपर्यंत गेला. मी मागोमाग.

साहेब जराही चिडले नाहीत. "भिंगारदिवे, तुम्ही कुठं खोटं बोलता? काटा दाखवतो तेच तुम्ही लिहिता. तुमच्या धर्माला कुठं धक्का लागला?"

कल्याणचा चेहरा पाहवेना. बाहेर येऊन तो छबूबाईच्या ट्रॉलीवर चढला आणि त्यानं सगळ्या यार्डाला ओरडून सांगितलं, "सहा हंगाम मी तुमाला कमी वजन लिहून दिलंय. माझ्यावर इसंबू नका. बाहेर मोजून या!"

मग काष्टीचा बजरंग पुढं आला, त्याचे डोळे भरले होते. "उतरा भाऊ. कुनाचं पाप अंगावर घेताय? तुमच्या देवानं आसंच घेतलं हुतं न्हवं दुसऱ्यांचं?"

"आरं, वायर हाय तिथं! तात्यांनी पाहिलीय. तात्या, सांगा की!"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा जसंच्या तसं, काही न लावता सांगितलं. यार्ड पोट धरून हसलं.

"आन् त्या वायरीत ढग अडकला व्हता का, तात्या?"

कल्याणनं त्याच दिवशी राजीनामा दिला. दुसऱ्या दिवशी चाळीस ट्रॅक्टर अडून बसले: भिंगारदिवे काट्यावर नसतील तर ऊस देणार नाही. साहेबांनी हात जोडून जाहीर केलं, जागा त्यांचीच, ते येतील तोवर ती रिकामी ठेवू. आणि काट्यावर दुसरा माणूस न बसवता नुसतं मशीन चालू ठेवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आता कल्याण रोज सकाळी फाटकाबाहेर उभा राहतो. प्रत्येक गाडी अडवून सांगतो, बाहेर मोजा. ड्रायव्हर गाडी हळू करतात, सलाम घालतात आणि सरळ आत जातात. एकदा मी म्हटलं, "बस झालं आता, घरी चला."

"पाळक म्हनले, बोलू नको, वाग," तो म्हणाला. "वागलो, तात्या. त्या वागन्याच्या आडोशानं ह्यांनी सहा वर्सं ऊस चोरला. आता बोलतोय, तर कुनाला ऐकूच जाईना."

सोमवारी छबूबाईची दुसरी खेप आली. कल्याण ट्रॅक्टरपुढं आडवा आला. "बाई, तू तरी. तू तर दोन पावत्या पाहिल्यास."

तिनं वाकून त्याला नमस्कार केला. "नगं भाऊ. तुमी येवढं चारचौघांत बोललात, नोकरी सोडलीत. आता कुनाची छाती हाय काट्याला हात लावायची?"

ट्रॉली आत आली. कल्याण फाटकाशी माझ्याकडं पाहत उभा होता. मी टोकन फाडून तिच्या हातात दिलं.